पाच किलोच्या कुत्र्याला जेवायला किती?

लहान जातीच्या कुत्र्यांच्या खाण्याबद्दल नागपूरच्या वाचकांनी पाठवलेले आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. खाली ‘कॅलरी’ म्हटलं आहे तिथे पाकिटावरची किलोकॅलरी समजावी, आणि ‘दाणे’ म्हणजे कोरडं डॉग फूड.

प्रश्न : आमचा पॉम चार वर्षांचा, नसबंदी झालेला. वजन ६ किलो ४०० ग्रॅम. सकाळी वाटीभर दाणे, दुपारी आईच्या ताटातली तूप लावलेली अर्धी पोळी, चहाच्या वेळी दोन बिस्किटं, रात्री परत वाटीभर दाणे. डॉक्टर म्हणतात जाड झाला. पण खातो तर चिमणीएवढं! — धरमपेठ

चिमणीएवढं खातो का, ते आधी काट्यावर पाहू. घरातली मध्यम वाटी सपाट भरली तर साधारण ६० ग्रॅम दाणे मावतात. शीग लावून भरली तर ७०-७५. सपाट धरली तरी दोन वेळचे १२० ग्रॅम झाले. बऱ्याच दाण्यांत १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे ४२०. अर्धी पोळी तुपासकट ८५. ग्लुकोजचं एक बिस्किट २५, दोनांचे ५०. बेरीज ५५५.

आता गरज. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. कुत्र्याचं जे वजन असायला हवं ते घ्या, आत्ताचं नव्हे. तुमच्या पॉमचं ५ किलो धरू. ५ × ५ × ५ = १२५. त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढा : ३.३४. त्याला ७० ने गुणलं की २३४. नुसतं पडून असलेल्या शरीराला दिवसभरात लागते ती ही ऊर्जा. नसबंदी झालेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्यासाठी याला १.४ ने गुणायचं, म्हणजे ३२८. तोच रोज तासभर पळत असेल तर १.६ ने. नसबंदी न झालेल्याला १.८ पर्यंत चालतं. आणि वजन उतरवायचं असेल तर गुणायचंच नाही, २३४ वरच थांबायचं.

म्हणजे तुमच्या पॉमला ३२८ पुरतात आणि मिळतात ५५५. त्यातली आईंची अर्धी पोळी दिसायला क्षुल्लक, पण त्याच्या दिवसाच्या खुराकाचा ती चौथा हिस्सा आहे. आपण पोटभर जेवून उठताना वर तुपाच्या तीन पोळ्या घ्याव्यात, तसं ते होतं.

बाकीच्या वाचकांसाठी याच हिशेबानं (१.४ ने गुणून) : ३ किलोला २२३, ४ किलोला २७७, ६ किलोला ३७६, ७ किलोला ४२२, ८ किलोला ४६६. इथे एक गोष्ट पाहा. वजन ४ चं ८ झालं, तरी गरज दुप्पट होत नाही. शेजारच्या मोठ्या कुत्र्याच्या मापाला वजनानं भागून आपल्या कुत्र्याचं माप काढू नये, ते यामुळेच.

पाकिटावरचा तक्ता वाचताना दोन चुका हमखास होतात. तक्त्यातले ग्रॅम पूर्ण दिवसाचे असतात. ते एका वेळचे समजून दोनदा दिले जातात. दुसरी चूक म्हणजे जाड कुत्र्याचं आत्ताचं वजन तक्त्यात शोधणं. मग तक्ता त्याला जाडच ठेवतो. शिवाय ते आकडे बहुधा हिंडत्याफिरत्या कुत्र्याला धरून दिलेले असतात. घरकोंबड्या पॉमनं त्यातला खालचा आकडा धरावा.

आता करायचं काय, ते. पहिला आठवडा एकूण ३२८ वर आणा, मग २३४ वर. त्यातले १० टक्के, म्हणजे २३ कॅलरी, वरच्या खाऊसाठी राखून ठेवा. उरलेल्या २११ कॅलरींचे ६० ग्रॅम दाणे होतात, दोन वेळा ३०-३० ग्रॅम. सकाळी दिवसभराचे दाणे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजून एका डब्यात भरा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा : जे काही द्यायचं ते या डब्यातूनच. आईंना जेवताना द्यायचं असेल तर त्यांनी डब्यातले चार दाणे द्यावेत. कुत्र्याला ताटाशेजारी बसून काहीतरी मिळण्याशी मतलब असतो. पोळीच हवी असा त्याचा हट्ट नसतो. तो हट्ट आपला. ताटली रिकामी वाटते म्हणून जीव तुटत असेल तर त्यात ५०-६० ग्रॅम उकडलेला दुधी किंवा फरसबी घाला, मीठ-फोडणी न घालता. कॅलरी नावापुरत्या, पोट मात्र भरतं.

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरावेत, म्हणजे ६५ ते १३० ग्रॅम. तीन ते पाच महिने लागतील, घाई नको. नेहमीचे दाणे इतके कमी केले की कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही कमी होतात. म्हणून सहा आठवड्यांच्या पुढे जायचं असेल तर पशुवैद्यांना विचारून वजन उतरवण्यासाठीचंच फूड घ्या. त्यात कमी कॅलरींत बाकीचं सगळं भरलेलं असतं. वजन दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर घ्या. माणसानं कुत्र्याला कडेवर घेऊन केलेल्या वजनात १००-२०० ग्रॅम इकडेतिकडे होतात, आणि इथे सगळा खेळच शंभर ग्रॅमचा आहे. दवाखान्यातला काटा बरा.

राहिला प्रश्न योग्य वजन ५ किलोच कशावरून. आपल्याकडे पॉम म्हणून मिळणारे बरेच कुत्रे इंडियन स्पिट्झ असतात. जातिवंत पॉमेरेनियन ३ किलोच्या आतबाहेर असतो. त्यामुळे पुस्तकातलं वजन बाजूला ठेवा आणि केसांखालून फासळ्या चाचपा. आपला हात पालथा, सपाट धरून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं की हाडं जशी हलकी लागतात तशा फासळ्या लागल्या तर वजन ठीक. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर कुत्रा रोड. तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर जाड. पॉमच्या केसांवर डोळ्यांनी विश्वास ठेवू नये. या जातीत श्वासनळी दबण्याचा त्रास मुळातच जास्त; बदकासारखा खोकला सुरू झाला असेल तर वजन आणखी मनावर घ्या.

प्रश्न : दुकानात पोत्यातून सुटे दाणे किलोवर मिळतात, पाकिटापेक्षा बरेच स्वस्त. फरक काय? आणि पाकिटावर नेमकं काय वाचायचं? — मानेवाडा

सुटे घेऊ नका. दाण्यांवर चरबीचा थर दिलेला असतो. पोतं उघडलं की ती हवेनं खवट व्हायला लागते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या दुकानात तर झपाट्यानं. खवट चरबीबरोबर जीवनसत्त्व ई आणि अ यांचाही नाश होतो. कुत्रा आधी दाणे हुंगून मागे सरतो, मग नाइलाजानं खातो आणि पोट बिघडतं. शिवाय सुट्या दाण्यांना तारीख नाही, घटकांची यादी नाही, आणि तळाशी आधीच्या पोत्याचा चुरा असतो तो वेगळाच.

पाकिटावर सर्वांत आधी पाहायचं ते ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, आणि ते कोणत्या वयासाठी. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेलं पाकीट रोजच्या जेवणाला चालत नाही. ग्रेव्हीची बरीच छोटी पाकिटं या दुसऱ्या प्रकारात मोडतात. मग प्रथिनं. अमेरिकेच्या ‘आफ्को’ या संस्थेचे निकष आपल्याकडच्या अनेक पाकिटांवरही छापलेले असतात. ओलावा वगळून मोजलं तर वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला किमान १८ टक्के, पिल्लाला साडेबावीस टक्के प्रथिनं हवीत. लहान कुत्रा एकूण खातोच कमी, म्हणून त्याच्यासाठी २५ टक्क्यांच्या आसपासचे दाणे बघावेत. ‘ओलावा वगळून’ हे महत्त्वाचं : ओल्या फूडच्या डब्यावर प्रथिनं ८ टक्के दिसतात आणि ग्राहक नाक मुरडतो. पण त्यात ८० टक्के पाणीच आहे. उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे ४० टक्के!

कॅलरी सगळ्या पाकिटांवर नसतात. त्या अशा काढा. समजा प्रथिनं २६, चरबी १४, तंतू ३, ओलावा १०, राख (म्हणजे खनिजं) ८ टक्के आहे. राख लिहिलेली नसेल तर ८ धरा. या सगळ्यांची बेरीज ६१. शंभरातून वजा केली की ३९ टक्के कर्बोदकं. प्रथिनं आणि कर्बोदकांना साडेतीननं गुणा, चरबीला साडेआठनं : ९१ + १३६ + ११९ = ३४६. शंभर ग्रॅमला इतक्या कॅलरी.

यादीत पहिलं नाव ‘चिकन’ म्हणून हुरळून जाऊ नका. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते आणि कच्च्या चिकनमध्ये जवळपास ७० टक्के पाणी. ‘चिकन मील’ म्हणजे वाळवून दळलेलं; ते नाव ऐकून लोक बिचकतात, पण प्रथिनं त्यात दाट असतात. ‘ग्रेन फ्री’साठी जास्त पैसे मोजण्याचं कारण नाही. वाटाणा-मसूर भरपूर असलेल्या अशा फूडचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएनं २०१८ मध्ये सुरू केली. ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण भात-गव्हाची ॲलर्जी नसलेल्या कुत्र्यासाठी ही भानगड हवी कशाला?

पाकीट छोटं घ्या. रोज ६०-८० ग्रॅम खाणाऱ्याला ३ किलोची पिशवी सव्वा ते दीड महिना जाते. उन्हाळ्यात तेवढा वेळ उघडं राहणं जास्तच झालं. एक-सव्वा किलोचं आणा. दाणे डब्यात ओतू नका. मूळ पिशवीच तोंड दुमडून, चिमटा लावून डब्यात ठेवा. डब्याच्या भिंतींना जुनी चरबी चिकटलेली राहते, आणि पिशवीवरचा बॅच नंबर व तारीखही जपली जाते. तापमान २७ अंशांच्या खाली हवं, म्हणजे घरातली सगळ्यात थंड, कोरडी खोली. कूलरच्या झोताखाली मात्र नको. कूलर गार करतो तशी खोली दमटही करतो, आणि दमट दाण्यांना बुरशी लागते.

प्रश्न : आमची ल्हासा ६ किलोची आहे. तिला आम्ही घरचं चिकन आणि भात देतो, पाकिटातलं काही नाही. शुद्ध, ताजं. हे पुरेसं आहे ना? — प्रतापनगर

ताजं आहे, पण पुरेसं नाही. चिकन-भातात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. ६ किलोच्या कुत्रीला रोज साडेचारशे मिलीग्रॅमच्या पुढे कॅल्शियम लागतं. तुमच्या ताटलीतून जेमतेम पन्नासेक मिळत असेल. रक्तातलं कॅल्शियम शरीर खाली येऊ देत नाही, ते हाडांतून काढून घेतं. त्यामुळे वर्ष-वर्ष काही दिसत नाही. मग जबडा मऊ पडतो, दात हलतात, सोफ्यावरून उडी मारताना पाय मोडतो. पिल्लात हे काही आठवड्यांतच घडू शकतं.

घरचंच द्यायचं असेल तर एका दिवसाचं प्रमाण असं ठेवा : कातडी काढलेलं बोनलेस चिकन १२० ग्रॅम (कच्चं वजन), तांदूळ ३५ ग्रॅम (शिजून साधारण १०० ग्रॅम भात होतो), कोहळं, म्हणजे पुण्या-मुंबईकडचा लाल भोपळा, ४० ग्रॅम, गाजर २० ग्रॅम, अर्धं उकडलेलं अंडं, एक छोटा चमचा तेल. एकूण ३६५ कॅलरी आणि ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. चिकन आणि भाज्या बेताच्या पाण्यात शिजवा, ते पाणी फेकू नका, त्यातच भात कालवा. मीठ, हळद, तिखट काही नाही. कांदा-लसूण तर वाटणाच्या चमच्यालाही लागलेला नको.

कॅल्शियमसाठी अंड्याचं टरफल चालतं. टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळा, कडकडीत वाळवा, मिक्सरमध्ये मैद्यासारखी दळून चाळून घ्या. रवाळ राहिली तर आतड्याला टोचतात. एक ग्रॅम पुडीत ३८० मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वरच्या प्रमाणाला सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे पाव छोटा चमचा सपाट पुरे. चमचाभर घालू नका. कॅल्शियम जास्त झालं की जस्त शोषलं जात नाही आणि शौचाला खडा होतो. ल्हासा आणि शिह त्झू यांना मूतखड्याचा त्रासही इतरांपेक्षा जास्त.

एवढं करूनही जस्त, आयोडीन, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्वं कमीच पडतात. टरफल ती उणीव भरत नाही. घरच्या जेवणासाठी बनवलेली व्हिटॅमिन-मिनरलची पावडर पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. माणसांच्या मल्टिव्हिटॅमिनची गोळी अर्धी करून देऊ नका. त्रास वाचवायचा असेल तर तीन-चतुर्थांश कॅलरी दाण्यांतून आणि पाव घरच्या चिकन-भातातून, हा मधला मार्ग बरा. फार तर पावच. अर्धं-अर्धं केलं की दाण्यांतलं संतुलन मोडतं.

चिकन रविवारी एकदम आणून सात पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवता येतं. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त नको.

प्रश्न : आमच्या घरात मांस-अंडी येत नाहीत. शिह त्झू दहीभात आनंदानं खातो. चालेल का? — इतवारी

आनंदानं खातो हा निकष नव्हे. दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम दही म्हणजे २५५ कॅलरी आणि प्रथिनं फक्त सात-आठ ग्रॅम. त्याला रोज पंधरा ग्रॅम तरी हवीत. दहीभात आजारपणात एखादा दिवस ठीक.

कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसाहारी नाही. शाकाहारावर राहू शकतो, पण घरी अंदाजानं केलेल्या शाकाहारावर नाही. तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे ‘कम्प्लीट’ लिहिलेले शाकाहारी दाणे. वर चव म्हणून १५-२० ग्रॅम पनीर, किंवा बिनमसाल्याचं, बिनफोडणीचं घट्ट वरण दोन चमचे. पनीरमध्ये १०० ग्रॅमला तीनशेच्या आसपास कॅलरी असतात, हे लक्षात ठेवून दाणे तेवढे कमी करा. वर्षातून एकदा रक्ततपासणी करून घ्या.

प्रश्न : दोन महिन्यांचं चिवावा पिल्लू, वजन ७०० ग्रॅम. सकाळी उठल्यावर थरथरतं, पाय लटपटतात. थंडी वाजते का? — हिंगणा रोड

थंडी नव्हे, बहुधा साखर उतरते. एवढ्याशा पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा अगदी थोडा असतो. रात्रभर पोट रिकामं राहिलं की संपतो. पुढची पायरी झटके आणि बेशुद्धी. थरथर दिसताच बोटावर मध किंवा ग्लुकोजचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, फुप्फुसात जाईल. नुसतं चोळा आणि तसंच दवाखान्यात न्या. सावध झालं तरी त्याच दिवशी दाखवा, कारण जंत किंवा पार्व्हो या विषाणूच्या आजाराची सुरुवातही अशीच दिसते.

जेवण असं : दिवसाला १६० कॅलरी, म्हणजे लहान जातीच्या पिल्लांचे दाणे साधारण ४० ते ४२ ग्रॅम, पाच वेळांत वाटून. एका वेळेला आठ ग्रॅम, एक मोठा चमचा. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून कुस्करा. शेवटचं जेवण रात्री अकराला, पहिलं सकाळी सहाच्या आत. वजन दर तीन-चार दिवसांनी त्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर, टोपलीत बसवून करा आणि आकडा बदलला की ग्रॅमही बदला. चार महिन्यांनंतर तीन वेळा, वर्षाचं झाल्यावर दोन वेळा.

गाईचं दूध नको. लॅक्टोज पचत नाही आणि जुलाबानं साखर आणखी उतरते. दुकानदार सोबत कॅल्शियमचं सिरप देईल, तेही नको. पिल्लांच्या दाण्यांत ते मोजून घातलेलं असतं.

प्रश्न : मे महिन्यात आमचा पग जेवतच नाही. चिकन सूप घालून भरवावं लागतं. — सदर

भरवू नका. पारा ४५ च्या घरात असताना पगला भूक कमी लागणं स्वाभाविक आहे. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो. पगचं नाक चेपलेलं, त्यामुळे त्याला हे काम इतरांपेक्षा जड जातं. त्यात भरल्या पोटी अंगात आणखी उष्णता तयार होते.

वेळा बदला. पहाटे साडेपाच-सहाला फिरून आल्यावर अर्धा तास थांबून पहिलं जेवण, दुसरं रात्री आठनंतर. ताटली वीस मिनिटं ठेवायची आणि उचलायची. भिजवलेले दाणे या उन्हात तासाभरात आंबतात, माश्या बसतात त्या वेगळ्या. हिवाळ्याच्या मापापेक्षा १० टक्के कमी खाल्लं आणि वजन टिकून असेल तर चिंता नाही. सूप घातलं की तो शिकतो : नाही खाल्लं की चांगलं मिळतं! शिवाय बाजारच्या सूप-क्यूबमध्ये मीठ आणि कांदा-लसूण असतातच.

पाणी किलोमागे ५० ते ६० मिली रोजचं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ७ किलोच्या पगला अर्धा लिटर लागलं तर नवल नाही. माठातलं पाणी दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यांत ठेवा.

चोवीस तास काहीच खाल्लं नाही, किंवा न खाण्याबरोबर उलटी, लाळ, गडद लाल हिरड्या, लडखडणं दिसलं तर तो जेवणाचा प्रश्नच नाही, उष्माघात असू शकतो. अंगावर साधं पाणी ओता, पंख्याचा वारा द्या आणि लगेच निघा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. घरापासून जे जवळ असेल ते गाठा.

प्रश्न : संत्रं, आंबा, द्राक्षं, घरचा रस्सा यातलं काय चालतं? — महाल

संत्र्याच्या एक-दोन फोडी, बिया आणि वरचं पांढरं साल काढून, चालतात. एका फोडीत सहाएक कॅलरी. संत्रा बर्फी मात्र नाही, ती निव्वळ साखर आणि खवा. आंब्याचा गर दोन चमचे चालेल, कोय दृष्टीआड ठेवा : लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकली की ऑपरेशनच. टरबूज बिया काढून उत्तम.

द्राक्षं, मनुका, बेदाणे एकही नाही. मूत्रपिंड निकामी होतं आणि किती खाल्ल्यावर होईल याचा ठोकताळा नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावं असं पशुविषतज्ज्ञ आता मानतात, आणि ते चिंचेतही असतं. म्हणून शिऱ्यातले बेदाणे, चिंचेची आमटी, इडलीबरोबरचं सांबार हे सगळं बाद. इथे सांबार म्हणजे डाळीचं. आपला सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिमूटभर खाल्ली तर काही होत नाही.

सावजी रस्सा, पोह्यांवरची तर्री यांत दोन विषं एकत्र येतात. कांदा-लसूण रक्तातल्या लाल पेशी फोडतात. किलोमागे १५ ग्रॅम कांद्यानं त्रास सुरू होऊ शकतो, म्हणजे ५ किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा पुरे. शिजवून त्याचा गुण जात नाही. लक्षणं त्याच दिवशी दिसत नाहीत : तीन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या, लघवी तांबूस. दुसरं म्हणजे वरचा तेलाचा तवंग. त्यानं स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा पुढचे पाय टेकून पाठ वर करून उभा राहतो, सारखा ओकतो. रविवारच्या मटणानंतर सोमवारी असं दिसलं तर हाडं कोणी घातली आणि रस्सा कोणी पाजला हे घरातच विचारा आणि डॉक्टरांना खरं सांगा. शिजलेलं हाड कोणतंही नाही, चिकनचं तर मुळीच नाही. ते उभं चिरतं आणि सुईसारखं टोचतं.

शुगर-फ्री च्युइंग गम, मिंट यांतलं झायलिटॉल कुत्र्याची साखर अर्ध्या तासात पाडू शकतं. खाल्लं असं कळताच निघायचं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्यानंच कुत्रे दगावतात.

प्रश्न : नवं पाकीट आणलं की दर वेळी जुलाब होतात. ब्रँड खराब आहे का? — गोकुळपेठ

बहुधा बदलण्याची घाई. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला आठवडा लागतो. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, पाऊण जुनं. मग तीन दिवस निम्मं-निम्मं. मग तीन दिवस पाऊण नवं. जुनं पाकीट संपायच्या दहा दिवस आधी नवं आणून ठेवा, म्हणजे हे जमतं. दोन्हींच्या कॅलरी वेगळ्या असतील तर ग्रॅमही नव्यानं काढा. ३४० वरून ३९० च्या दाण्यांवर गेलात आणि वाटी तीच ठेवली, तर रोजचा खुराक १५ टक्क्यांनी वाढला. नुसत्या जास्त खाण्यानंही शौच पातळ होतं आणि दोष ब्रँडला जातो. हळूहळू बदलूनही तेच झालं, किंवा शौचात रक्त, चिकट आव दिसला, तर शौचाचा नमुना स्वच्छ डबीत घेऊन दवाखान्यात जा. शक्यतो त्याच सकाळचा, फार तर चार तासांपूर्वीचा.